बँकॉकचं दुहेरी तिकीट: भांडायचंच तर नीट भांडा

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी संपली की हा वाद हमखास उकरून निघतो. कुणीतरी बँकॉकच्या ग्रँड पॅलेससमोर उभं राहून व्हिडिओ केलेला असतो, आम्हाला माणशी ५०० बाट, चौघांचे २००० झाले, आणि हे थाय लोक बघा कसे वेगळ्या फाटकातून फुकटात आत चाललेत, ही लूट नाही तर काय. मग लगेच दोन तट पडतात. एका तटाला हा वर्णभेद वाटतो आणि ते थायलंडवर बहिष्कार टाकायला निघतात (पुढच्या वर्षीचं पट्टायाचं बुकिंग झालेलं असतं ते वेगळं). दुसरा तट म्हणतो त्यांचा देश त्यांचे नियम, परवडत नसेल तर घरी बसा. दोन्हीकडे आवाज चढलेला असतो आणि मूळ मुद्द्याला कुणी हातच लावत नाही, की एकाच जागेसाठी दोन माणसांकडून दोन दर घेणं कधी बरोबर असतं आणि कधी नसतं?

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर घोळ नको. राजवाडा, मंदिर, जंगल, म्युझियम अशा सगळ्यांच्या मालकीच्या जागी तिथे राहणाऱ्याला स्वस्त आणि बघायला आलेल्याला महाग, यात मला काडीचंही गैर वाटत नाही. उलट तसंच असावं. पण तिथे राहणारा कोण हे चेहरा नाहीतर पासपोर्ट बघून ठरवायचं हे चूक, आणि दर लपवायचा हे त्याहून चूक. थायलंड पहिल्या पेपरात पास होतो आणि बाकीच्या दोन पेपरात आपटतो. आपली मंडळी मात्र जिथे तो पास झालाय त्याच पेपरावरून त्याला झोडपतात आणि जिथे नापास झालाय तिकडे बघत पण नाहीत.

आकडे काही छोटे नाहीत, हे आधी मान्य करू. ग्रँड पॅलेस ५००, शेजारचं वाट फो (वाट म्हणजे बौद्ध मंदिर) ३००, नदीपलीकडचं वाट अरुण २००. म्हणजे जी तीन ठिकाणं प्रत्येक जण एका दिवसात उरकतो त्यांचेच १००० बाट, रुपयात अडीच हजाराच्या वर, आणि चौघांचं कुटुंब असलं तर दहा हजार नुसती तिकिटं. वाट फो काही वर्षांपूर्वी १०० बाटला होतं, आधी २०० केलं मग ३००. ज्याने दोन-तीन वर्षं पैसे साठवून बायकोपोरांना पहिल्यांदा परदेश दाखवलाय त्याला हे टोचणारच, त्याच्यावर हसण्यात अर्थ नाही. प्रश्न इतकाच की टोचलं म्हणजे अन्याय झाला का?

आता जरा घरात डोकावू. घारापुरीची लेणी बघायला आपल्याला ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६००. अजिंठा तेच, वेरूळ तेच. पंधरापट! ताजमहालला आपण ५० देतो, परदेशी ११००, मुख्य कबरीचे २०० दोघांनाही वरून वेगळे. हे काय आज सुरू झालंय? गेली पंचवीसेक वर्षं चाललंय आणि या काळात किती मराठी लोकांनी गेटवेच्या लाँचमध्ये शेजारी बसलेल्या पोलिश नाहीतर पेरूच्या पोराची माफी मागितली, की बाबा रे सॉरी, आमचं सरकार तुला लुटतंय? उलट आपल्याला ते नैसर्गिकच वाटतं, आपली लेणी आहेत, आपल्याला स्वस्त नको का. बरं, देशाबाहेरचंच कशाला, पुण्याजवळच्या खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर एमएच-१२ आणि एमएच-१४ ला सूट हवी म्हणून आंदोलनं झाली, स्थानिकांना टोल कशाला हा मुद्दा होता आणि तो बहुतेकांना पटलाही. म्हणजे साताऱ्याच्या गाडीला एक दर आणि पुण्याच्या गाडीला दुसरा, हे चालतं, नव्हे ते मिळवायला रस्त्यावर उतरायचं. माथेरानला प्रवासी कर पाहुण्यांनी भरायचा, गावकऱ्यांनी नाही, त्यावर कुणी ब्र काढत नाही. मग बँकॉकला विमानातून उतरल्या उतरल्या आपण एकदम समतावादी कसे होतो?

पण 'तुम्ही पण करता' हे काही उत्तर नाही, आपणही चूक करत असू शकतो. म्हणून हे मुळात का बरोबर आहे ते बघू. बँकॉकमध्ये सध्या मजुराचं किमान वेतन दिवसाला ४०० बाट आहे. ग्रँड पॅलेसचं तिकीट ५००. सगळ्यांना एकच दर लावायचा झाला तर दोन रस्ते उरतात. एक, सगळ्यांना ५००, म्हणजे आतला पाचूचा बुद्ध, जो थाय लोकांना सगळ्यात पूज्य आहे, ज्याची वस्त्रं वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे खुद्द राजा बदलतो, तो बघायला तिथल्या हमालाने दिवसाच्या पगारापेक्षा जास्त पैसे मोजायचे, बायकोपोरं घेऊन आला तर आठवड्याचा पगार गेला. दुसरा रस्ता, सगळ्यांना फुकट. २०२४ ला थायलंडमध्ये साडेतीन कोटी परदेशी लोक गेले, त्यात आपले २१ लाख. यातल्या ज्यांचा मुक्काम बँकॉकला पडतो त्यांचा मोठा लोंढा या एकाच अंगणात येतो, आणि आता सुद्धा दुपारी अकराच्या उन्हात तिथे छत्र्यांच्या गर्दीतून खांबावरची काचेची नक्षी बघायची म्हणजे मान वर करून शेजाऱ्याच्या धक्क्यांवर पुढे सरकायचं. फुकट केलं तर काय होईल? आणि वाट अरुणच्या मनोऱ्यावर चिनी मातीच्या तुकड्यांची जी फुलं बसवलीत ती पडली की परत कोण बसवणार, कुणाच्या खर्चाने? दुहेरी दर हा तिसरा रस्ता आहे, आणि तो या दोन्हींपेक्षा कमी वाईट आहे. २०२२ ला इंडोनेशियात बोरोबुदूरच्या स्तूपावर चढायला परदेशी माणसाला १०० डॉलर आणि देशातल्यांना साडेसात लाख रुपिया असा दर सुचवला होता, तेव्हा बोंब परदेशी लोकांनी नाही, तिथल्याच जनतेने मारली, कारण साडेसात लाख रुपिया म्हणजे साधारण ५० डॉलर होतात आणि ते सामान्य इंडोनेशियन माणसाच्या आवाक्याबाहेरचे. सरकारने मागे घेतलं. स्थानिकाला परवडणं हा मुद्दा पहिला, पाहुण्याचं रुसणं नंतर.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा. देश म्हणजे उत्पन्न नव्हे. सुखुमवितच्या गगनचुंबी इमारतीत राहणारा, मर्सिडीजमधून उतरणारा थाय शेठ फुकट आत आणि सांगलीचा एसटी कंडक्टर ५०० मोजून, हे कुठल्या न्यायात बसतं? बसत नाही, खरंच बसत नाही. पण मला सांगा तिकीट खिडकीवर बसलेली बाई सॅलरी स्लिप मागणार आहे का? आपण रेशन कार्डावर उत्पन्न बघून रंग दिले आणि काय झालं ते प्रत्येक गावात माहितीये, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डावर तीन मजली बंगले उभे आहेत. दर ठरवताना काहीतरी ठोकळ खूण लागते, सोपी, अर्ध्या मिनिटात तपासता येणारी. आणि विमानाचं तिकीट काढून येणारा माणूस त्या दिवसापुरता तरी तिथल्या मजुरापेक्षा बऱ्या परिस्थितीत असतो हा अंदाज शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर निघतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी आपला व्हिसा माफ केला, त्याआधी एअरपोर्टवर उतरून व्हिसा काढायला आपण माणशी २००० बाट मोजत होतो आणि कुणी व्हिडिओ केले नाहीत. ते वाचलेले पैसे धरले तर तिन्ही तिकिटं निघून वर जेवण होतं.

दुसऱ्या तटाचं म्हणजे थाय लोकांची बाजू घेणाऱ्यांचं लाडकं उत्तर असतं की थाय माणूस टॅक्स भरतो, त्याने आधीच पैसे दिलेत. हे उत्तर फार ढिलं आहे आणि मला त्याचा जास्त राग येतो, कारण बरोबर गोष्टीचं चुकीचं समर्थन केलं की ती गोष्टच पडते. टुरिस्ट पण टॅक्स भरतो की, सेव्हन-इलेव्हनच्या पाण्याच्या बाटलीपासून हॉटेलच्या बिलापर्यंत सगळ्यावर ७ टक्के व्हॅट आहे. आणि टॅक्सचाच हिशोब लावायचा तर बँकॉकमध्ये वर्क परमिटवर नोकरी करणारा, दर महिन्याला पगारातून टॅक्स कापून घेणारा परदेशी माणूस थाय दराला पात्र हवा. असतो का? कधी थाय ड्रायव्हिंग लायसन्स दाखवून सोडतात, कधी नाही, खिडकीवर कोण बसलंय त्यावर सगळं. त्याहून वाईट अवस्था म्यानमारच्या मजुरांची. बँकॉकचे टॉवर बांधणारे, हॉटेलची भांडी घासणारे, मासळीच्या कारखान्यात राबणारे हे लोक वर्षानुवर्षं तिथे राहतात, धर्माने बहुतेक बौद्ध, पगार थाय मजुराइतका किंवा कमीच, आणि हे पण परदेशीच. ज्या कारणासाठी मी दुहेरी दराच्या बाजूने इतका वेळ बोलतेय, की गरीब स्थानिकाला परवडलं पाहिजे, नेमक्या त्याच कारणाने यांना आत सोडायला हवं. म्हणून रेघ राष्ट्रीयत्वावर न ओढता राहण्याच्या ठिकाणावर ओढा म्हणते मी. टोलनाका गाडीच्या मालकाची जात-पात-देश विचारतो का, नंबर प्लेट विचारतो. जपानमधला हिमेजीचा किल्ला बघा, मार्च २०२६ पासून शहरात राहणाऱ्याला १००० येन आणि बाकी सगळ्यांना, अगदी टोकियोच्या जपानी माणसाला सुद्धा, २५०० येन. याला म्हणतात स्वच्छ कारभार. उलट लूव्हरने जानेवारी २०२६ पासून युरोपियन आर्थिक क्षेत्राबाहेरच्यांना २२ ऐवजी ३२ युरो केलेत, तिथे परत देशांच्या गटावर गाडी आली. आणि आपण तर याच्याही पुढे, अमेरिकन पासपोर्टवाला आपला एखादा काका ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) दाखवून भारतीय दरात ताजमहाल बघतो. म्हणजे राहणं नाही, राष्ट्रीयत्व नाही, निव्वळ रक्त!

चेहऱ्याचं तर बोलायलाच नको. बँकॉकच्या फाहुरातमध्ये शीख कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहतायत, कापडाची दुकानं, घरात पंजाबी आणि बाहेर अस्खलित थाय, जन्माने थाय नागरिक. फाटकावर सरदारजी थांबवला जातो आणि मागून येणारा चिनी चेहऱ्याचा कुणीही अर्धा वेळ तसाच निघून जातो. कार्ड दाखवलं की सोडतात, मान्य, पण दर वेळी आपण इथलेच आहोत हे सिद्ध करायला लागणं हा एक वेगळाच कर आहे आणि तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नसतो. आता पाट्यांचं. बँकॉकहून दोन-अडीच तासावर खाओ याईचं जंगल आहे, परदेशी माणसाला ४०० बाट, थाय माणसाला ४०. दहापट असो, माझी हरकत त्याला नाही. पण तिथल्या कितीतरी सरकारी ठिकाणी अशी पद्धत की परदेशी दर इंग्रजीत ठळक आणि थाय दर थाय लिपीत, थाय आकड्यांत, म्हणजे तुम्हाला कळूच नये की शेजारचा किती देतोय. आपल्याला त्यातलं शून्य तेवढं ओळखू येतं, ते आपल्यासारखंच गोल, पण त्याआधीचा आकडा म्हणजे नुसतं वेटोळं. जे करताय ते बरोबर आहे अशी खात्री असेल तर लपवता कशाला? छातीठोकपणे लिहा, आमच्या लोकांना ४०, तुम्हाला ४००, आणि हे जास्तीचे पैसे या या कामाला. ग्रँड पॅलेसचा कारभार राजघराण्याच्या खात्याकडे आहे आणि राजवाड्याचा हिशोब मोठ्या आवाजात विचारणं त्या देशात सोपं नाही, राजाच्या अपमानाचं ११२ कलम काय चीज आहे ते शोधून बघा. हा खरा प्रश्न आहे. आपले व्हिडिओवाले तो विचारत नाहीत, ते फक्त 'ब्रो, ५०० बाट!' करतात.

आणि जिथे खरंच कापलं जातं तिथे हीच मंडळी हसत हसत पैसे देतात, याची मला मोठी गंमत वाटते. पॅलेसच्या भिंतीबाहेर इस्त्रीचा शर्ट घातलेला एखादा गृहस्थ अदबीने सांगतो, आज पॅलेस बंद, बौद्ध सण आहे, हा टुकटुकवाला तुम्हाला २० बाटमध्ये चार मंदिरं फिरवेल, आणि ती फेरी संपते रत्नांच्या दुकानात. ही युक्ती इतकी जुनी आहे की अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका असं तिथे पाट्या लावून सांगतात, तरी लोक जातातच. आपल्या पॅकेज टूरमध्ये तर त्याच जातीचं दुकान प्रोग्रॅममध्येच छापलेलं असतं, जेम्स गॅलरी म्हणून, सकाळचे दोन तास तिथे जातात, आणि वाट फोचा ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध मात्र वीस मिनिटांत उरकायचा कारण बस उभी आहे. याला कुणी लूट म्हणत नाही. टॅक्सी मीटरवर यायला नकार देते, ३५ बाटपासून सुरू होणारं भाडं सरसकट ३०० सांगते, त्याला बार्गेनिंग म्हणतात आणि २५० ला पटवलं की घरी फुशारकी मारतात. साथॉर्नच्या धक्क्यावर जा, बीटीएसच्या जिन्यावरून उतरलं की समोरच निळ्या झेंड्याच्या टुरिस्ट बोटीची खिडकी आणि माणसं तिकडेच हाकतात, नारिंगी झेंड्याची बोट बाजूच्याच रांगेत असते, तीच नदी, तेच बरेचसे धक्के, पंधरा-सोळा बाट, वर उभं राहिलेलं सगळं बँकॉक, कॉलेजची पोरं, पिशव्या घेतलेल्या आज्या आणि केशरी चीवरातल्या भिक्खूंसाठी राखून ठेवलेली जागा. कुणी पासपोर्ट विचारत नाही. दुप्पट-तिप्पट पैसे देऊन निळ्यात बसायचं तर बसा, आरामाचे पैसे आहेत ते, पण मग सरकारी तिकिटावरच तेवढं रडू का येतं? माझा अंदाज असा की टुकटुकवाला फसवतो तेव्हा आपण गिऱ्हाईक असतो, खिडकीवर मात्र कुणीतरी तोंडावर सांगतं की तू बाहेरचा आहेस, आणि ते जिव्हारी लागतं. सगळ्यांच्या मालकीची जागा हा माझा न्याय असल्यामुळे मी खासगी मत्स्यालयं, अॅम्युझमेंट पार्क, दोन मेनूकार्डं ठेवणारी हॉटेलं यांना मात्र अजिबात सूट देणार नाही. तिथे ना कुणाचा वारसा ना कुणाचं श्रद्धास्थान, तिथे दोन दर म्हणजे शुद्ध हावरटपणा.

एक मुद्दा ऐकायला येतो तो असा की तिथल्या भिंतीवर आपलंच रामायण रंगवलंय आणि आपल्याकडूनच पैसे घेतात. पॅलेसच्या ओवऱ्यांत रामकियनची १७८ चित्रं आहेत, खरं आहे. पण त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल गडी आहे, आणि सगळी कथा त्यांनी त्यांच्या पद्धतीने मुरवून घेतलीय. रॉयल्टी मागायला आपण काय वाल्मीकींचे वारसदार? हा मुद्दा सोडून देऊ.

याच्या जवळ जाणारा एक मुद्दा मात्र मला निरुत्तर करतो थोडा. यात्रेकरूचं काय? नागपूरची, परभणीची एखादी बौद्ध बाई, जिच्या घरात १९५६ च्या दीक्षेपासून बुद्धवंदना होते, ती वाट फोला जाते तेव्हा ती टुरिस्ट असते का? तिच्या हातात पण ३०० चं तिकीट. आणि २०२३ च्या सुरुवातीला थायलंडचे शंभरावर भिक्खू परभणीहून दादरच्या चैत्यभूमीपर्यंत पायी आले तेव्हा गावोगाव लोकांनी रस्त्यावर फुलं अंथरली होती, तिकीट नव्हतं लावलं. यात्रेकरूकडून पैसे घेण्याचा इतिहास आपल्याकडे फारसा अभिमानाचा नाही. पुरीच्या जगन्नाथाला जाणाऱ्यांकडून नागपूरकर भोसले कर घेत, ओरिसा त्यांच्याकडे १७५१ ते १८०३ होता, आणि नंतर कंपनीने तोच कर पुढे चालवला. अठरनाल्याच्या पुलासारख्या नाक्यांवर अडवायचं, उत्तरेकडून आलेल्या 'लाल यात्री'ला, म्हणजे वरच्या वर्गाच्या यात्रेकरूला, १० रुपये, दक्षिणेकडून आलेल्याला ६. बघा, दुहेरी दर! १८४० ला तो बंद झाला. पण तिथे पाप दोन दरांचं नव्हतं, आयुष्यात एकदा चालत आलेल्या गरीब माणसाला देवाच्या दारात अडवण्याचं होतं, त्याला दुसरं दारच नव्हतं. बँकॉकमध्ये तसं नाही. शेकड्याने वाट आहेत त्या शहरात, गल्लीबोळात, आणि त्यातल्या बहुतेकांना तिकीट नाही, चप्पल काढा, आत जाऊन बसा, कुणी हटकत नाही. रत्चप्रसोंगच्या मॉलच्या गराड्यात एरावनचा ब्रह्मदेव आहे, झेंडूच्या माळांचा ढीग, उदबत्तीचा धूर, फुकट. तिकीट आहे ते गर्दी जिथे येऊन आदळते त्या मोजक्या ठिकाणी. तरीही नागपूरच्या त्या बाईसाठी सकाळच्या वंदनेला तासभर बिनतिकीट दार उघडं ठेवलं तर वाट फोचं काय बिघडेल, हा माझा प्रश्न कायम आहे.

भांडायला खरा दारूगोळा हवाच असेल तर तो बिम्सटेकमध्ये आहे आणि आश्चर्य म्हणजे त्याबद्दल कुणीच बोलत नाही. १९९७ ला बँकॉकमध्येच जाहीर झालेला हा गट, भारत, थायलंड, म्यानमार, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान. या गटातला असल्यामुळे थाय माणूस घारापुरीला, अजिंठ्याला ४० रुपयांत जातो, आपल्या बरोबरीने, आणि ताजला त्याच्यासाठी ११०० नाही, ५४० चा खास मधला दर. आपण हे एकतर्फी देऊन टाकलंय. एप्रिल २०२५ ला याच गटाची शिखर परिषद बँकॉकला भरली, आपले पंतप्रधान वाट फोला जाऊन आले, फोटो छान आले, तिकिटाचा विषय निघाल्याचं काही वाचनात नाही. मला माहितीये की थायलंड २१ लाख भारतीयांना फुकट सोडणार नाही, मी त्यांच्या जागी असते तर मीही नसतं सोडलं, एवढं उत्पन्न कोण बुडवतो. पण मधला दर मागायला काय हरकत आहे, ताजसारखाच, ५०० च्या जागी २५० बाट? त्याच रांगेत भूतानचा यात्रेकरू येईल, श्रीलंकेचा येईल. आणि बँकॉकचे टॉवर बांधणारा म्यानमारचा मजूर, ज्याला थाय दर द्यायला ते अजून तयार नाहीत, त्याला निदान अर्ध्या पैशात पाचूचा बुद्ध बघता येईल.